लेक गार्डा, उन्हाळी पॅकेज: 'लेक व्ह्यू' खोलीला जादा पैसे द्यावेत का?

मुक्कामपोस्ट | ९ जानेवारी

नमस्कार मंडळी,

जुलैअखेर मुलांच्या शाळा सुटल्या की आठवडाभर इटलीत लेक गार्डाला जायचं घाटतंय. आम्ही इंग्लंडात राहतो, त्यामुळे इथल्याच एका कंपनीचं पॅकेज बघतेय. जाऊन-येऊन विमान, व्हेरोना विमानतळावरून हॉटेलपर्यंत बस, सात रात्री, हाफ बोर्ड म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. माणसं सहा: आम्ही दोघं, दोन मुलं (११ आणि ७) आणि पुण्याहून येणारे सासू-सासरे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई शाकाहारी.

दोन हॉटेलांवर येऊन गाडी अडलीय. एक लिमोनेला, पश्चिम किनाऱ्यावर. दुसरं मालसेसिनला, बरोब्बर समोरच्या काठावर. दोन्हीकडे साध्या खोलीचं तोंड मागच्या डोंगराकडे. 'लेक व्ह्यू विथ बाल्कनी' हवी तर माणशी, दर रात्री जादा पैसे. सहा गुणिले सात हा हिशोब नवऱ्याने एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडला आणि ते पाकीट फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, येता-जाता माझ्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून. त्याचं म्हणणं, दिवसभर आपण तळ्यावरच भटकणार, रात्री अंधारात काय बघायचंय? माझं म्हणणं, तळ्याकाठच्या हॉटेलात जाऊन डोंगराची पाठच बघायची तर इतक्या लांब जायचंच कशाला?

कुणी राहिलंय का तिथे? कुठला काठ घ्यावा, आणि लेक व्ह्यूचे पैसे वसूल होतात का?

ओसरी | ९ जानेवारी

घ्या. पाकीट फ्रिजवरून काढा.

इसारकाठ | ९ जानेवारी

आधी उच्चार. मालचेझिने. इटालियनमध्ये 'सी'पुढे 'ई' आली की 'च' होतो. मालसेसिन म्हणालात तरी बसवाला नेईल, पण इथे लिहिलंत की मी टोकणार.

आम्ही म्युनिकहून एक-दोन वर्षांआड गाडीने ब्रेनर खिंडीतून खाली उतरतो. अर्धं बव्हेरिया तेच करतं, त्यामुळे उन्हाळ्यात तळ्याच्या उत्तर टोकाच्या रीवा गावात धक्क्यावर इटालियनपेक्षा जर्मनच जास्त कानावर पडते. तर लेक व्ह्यूच्या आधी काठ ठरवा. तळं उत्तर-दक्षिण लांब आहे, ५० किलोमीटरच्या वर. दक्षिणेला पसरट, उत्तरेला डोंगरांच्या फटीत घुसलेलं. तुमची दोन्ही गावं त्या फटीतली. लिमोनेच्या पाठीशी, पश्चिमेला, सरळ उभा कडा. सकाळी लख्ख ऊन, पण दुपार कलली की सूर्य कड्याआड. समोरचा काठ अजून पिवळाधमक असताना तुमच्या खुर्चीवर सावली पडलेली असते. मालचेझिनेच्या पाठीशी, पूर्वेला, मोंते बाल्दो, २,२०० मीटरच्या वर. तिथे सकाळी ऊन उशिरा उतरतं आणि संध्याकाळ लांबत जाते, कारण सूर्य समोर पाण्यापलीकडे जातो. सकाळचा चहा उन्हात हवा असेल तर लिमोने. संध्याकाळी गप्पा रंगवायच्या असतील तर मालचेझिने. जुलैच्या उकाड्यात सावली हा काही तोटा नाही, तेही धरा.

मग वारा. पहाटेपासून उत्तरेकडून 'पेलेर' आणि ऊन तापलं की दुपारी दक्षिणेकडून 'ओरा'. हवा नेहमीची असली तर या दोघांवर घड्याळ लावावं. ओरा सुटला की वरच्या टोकाला तोर्बोलेला शिडांच्या गर्दीत पाणी दिसत नाही. बाल्कनीत पत्ते कुटायचा बेत असेल तर पत्त्यांवर ठेवायला काहीतरी जड न्या.

पाटावरवंटा | १० जानेवारी

आमची कहाणी ऐका आणि मग पैसे भरा.

तीन वर्षांपूर्वी गार्डालाच, गाव सांगत नाही, पॅकेजमध्ये 'साइड लेक व्ह्यू' घेतला. बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन, कठड्याला पोट टेकवून, मान बाहेर काढली की दोन इमारतींच्या मध्ये निळी पट्टी दिसायची. अंघोळीचा पंचा उभा टांगावा तेवढी. माझ्या उंचीला ती दिसायची, बायकोच्या उंचीला नाही. आठवडाभर ती मला विचारायची, "आज आहे का तळं?"

त्यापुढचं. हॉटेल आणि पाणी यांच्यामध्ये काठाचा मुख्य रस्ता. रात्री बारापर्यंत मोटारसायकली. खाली हॉटेलच्याच रेस्टॉरंटचा कापडी मांडव, त्यातून तळणाचा वास वर. आणि शेवटची मेख म्हणजे बाल्कनीचं दार उघडं ठेवलं की एसी आपोआप बंद. दाराला तसा सेन्सर असतो. म्हणजे तळ्याची गाज ऐकायची तर घामाघूम व्हा, गार झोपायचं तर काचेआडून बघा. जेमतेम दोन संध्याकाळी बसलो असू तिथे.

तेव्हा फ्रिजवरचं पाकीट तिथेच राहू द्या. तुमचे यजमान शहाणे आहेत.

मुक्कामपोस्ट | १० जानेवारी

@पाटावरवंटा, "आज आहे का तळं" वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले. नवऱ्याला प्रतिसाद दाखवला, त्याने शेवटची ओळ पाठ केलीय.

@इसारकाठ, मालचेझिने. मालचेझिने. मालचेझिने. शंभर वेळा लिहू का?

दोन_पावलं | १० जानेवारी

'साइड लेक व्ह्यू' आणि 'लेक व्ह्यू' एकच नाहीत हो. शब्द नीट वाचायचे. 'लेक फ्रंट' म्हणजे इमारत पाण्याला लागून आहे, तुमची खोली तशी असेलच असं नाही. 'लेक व्ह्यू' म्हणजे खोलीतून पाणी दिसतं, मग मध्ये रस्ता, झाडं, कापडी मांडव काहीही असू शकतं. आणि 'लेक एरिया' लिहिलं असेल तर नकाशा उघडून स्वतः अंतर मोजा.

पण गुडघेवाल्या माणसासोबत जाताना मी व्ह्यूच्या आधी पायऱ्या विचारीन. लिमोने उतारावर वसलंय. जुन्या लिंबांच्या बागांचे टप्पे, त्या टप्प्यांवर घरं, घरांमधून दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या. काही हॉटेलं रस्त्याच्या वर टप्प्याटप्प्याने चढलेली. आमच्या हॉटेलात लिफ्ट होती. पत्रकात तसं लिहिलंही होतं. लिफ्टपर्यंत पोचायला चौदा पायऱ्या होत्या, ते नव्हतं. आईने पहिल्या दिवशी मोजल्या आणि मग रोज चढताना मोठ्याने मोजायची, रिसेप्शनवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. तिसऱ्या दिवसापासून तोही मराठीत "बारा, तेरा, चौदा" म्हणायला लागला.

मालचेझिनेचं जुनं गाव गोट्यांच्या फरसबंदीचं आहे, तिथेही चढ आहेच. हॉटेल जुन्या गावाच्या बाहेर, काठालगत सपाटीवर असेल तर उत्तम.

चहाबाज | ११ जानेवारी

सगळे व्ह्यू व्ह्यू करताहेत, मुख्य प्रश्न कुणी विचारलाच नाही. खोलीत किटली असते का?

नसते. इंग्लंडच्या हॉटेलांची सवय लागलेल्यांनी नीट ऐका: इटलीत बऱ्याच हॉटेलांत खोलीत किटली नसते. सासू-सासरे पहाटे पाचला उठणार, नाश्ता साडेसातला. अडीच तास चहाविना. मग तळं समोर असो की डोंगर, घरात वातावरण तंग.

सुमीची_आई | ११ जानेवारी

अगदी अगदी! आम्ही छोटी प्रवासी किटली नेली होती. मात्र काही हॉटेलांत खोलीत चालवायला बंदी असते, आधी ईमेलवर विचारून घ्या. आणि प्लग! आपले भारतातले तीन जाड पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, इंग्लंडचेही नाहीत. इटलीत तीन बारीक गोल भोकं एका ओळीत असतात. दोन बारीक पिनांचा युरोपी प्लग त्यात बसतो. ॲडॉप्टर दोन तरी न्या, कारण एक फोनवाले पळवतात.

खिडकीतला_कावळा | ११ जानेवारी

मालचेझिनेचा विषय निघालाच आहे तर. तिथल्या किल्ल्यासमोर सप्टेंबर १७८६ मध्ये जर्मन कवी गटे चित्र काढत बसला होता. गावकऱ्यांना वाटलं, हा ऑस्ट्रियाचा हेर, किल्ल्याचा नकाशा उतरवतोय. तेव्हा गाव व्हेनिसच्या राज्यात आणि सरहद्द थोड्याच अंतरावर. गर्दी जमली, कागद फाडला, अधिकारी आले. शेवटी फ्रँकफर्टमध्ये चाकरी केलेला एक गावकरी निघाला, त्याने ओळखपाळख तपासली आणि महाकवी सुटले. आता किल्ल्यात त्याच्या नावाची खोली आहे.

मी त्याच जागी ट्रायपॉड लावून तासभर उभा होतो. हेर सोडा, शेजारच्या वेटरनेही विचारलं नाही.

इसारकाठ | ११ जानेवारी

पहिल्या महायुद्धाच्या वेळीही सरहद्द तिथेच होती बरं का. रीवा १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाकडे होतं. आणि लिमोनेला आज तुमची बस बोगद्यांमागून बोगदे पार करत जाईल, तो पश्चिम काठाचा रस्ता १९३१ चा. त्याआधी बोटीने जा नाहीतर डोंगर उतरून.

झोपाळू | ११ जानेवारी

मी फक्त चर्चच्या घंटेबद्दल सांगायला आलोय. जुन्या गावात खोली घेतलीत तर सकाळी सातला लेक व्ह्यूसाठी उठवायला माणूस लागणार नाही.

नियमबाह्य | १२ जानेवारी

मंडळी खोली, किटली, गटे यात रमलीत. ताई, आधी व्हिसा बघा. सासू-सासऱ्यांकडे इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा असला तरी इटलीला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, वेगळा लागतो. तो त्यांनी भारतातूनच, निघण्यापूर्वी काढलेला बरा. इंग्लंडात पाहुणे म्हणून येऊन इथून अर्ज करणं कटकटीचं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुमची खिडकी या महिन्याच्या शेवटी उघडतेय. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

दुसरं, पॅकेज घेताय ते चांगलं करताय. इंग्लंडात २०१८ चे पॅकेज ट्रॅव्हल नियम आहेत. विमान-हॉटेल एकत्र विकणारा हा सगळ्याचा धनी. हॉटेलने घोळ घातला तर "ते हॉटेलला विचारा" असं त्याला म्हणता येत नाही. बुकिंगनंतर त्याने किंमत ८ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवली तर तुम्ही दंड न भरता रद्द करू शकता. विमानासकट पॅकेज असेल तर ॲटोलचं प्रमाणपत्र हातात यायला हवं. कंपनी बुडाली तर त्यावर पैसे किंवा परतीची सोय मिळते.

आता लेक व्ह्यूचं. जादा पैसे भरले असतील तर 'लेक व्ह्यू' हे शब्द बुकिंगच्या कागदावर छापलेले हवेत. 'विनंती नोंदवली आहे' असं असेल तर ते आश्वासन नव्हे. आम्हाला एकदा तळ्याऐवजी गाड्यांचा तळ मिळाला होता. कंपनीचं नाव नको. सामान न उघडता खाली गेलो, रिसेप्शनला सांगितलं, कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीला, म्हणजे 'रेप'ला, सांगितलं, खिडकीतून फोटो काढले, त्याच रात्री कंपनीला ईमेल टाकली. खोली बदलून मिळाली नाही, पण जादा भरलेले पैसे महिन्याभराने परत आले. त्याच विमानातल्या दुसऱ्या कुटुंबाने आठवडाभर सोसलं आणि घरी येऊन तक्रार केली. त्यांना उत्तर आलं, "तुम्ही तिथे असताना सांगितलं असतंत तर आम्ही सुधारणा केली असती."

पाटावरवंटा | १२ जानेवारी

@नियमबाह्य, म्हणजे मी त्या पंचाएवढ्या तळ्याचा फोटो काढायला हवा होता तर. काढला होता हो. त्यात माझा कानच जास्त आलाय.

मुक्कामपोस्ट | १२ जानेवारी

@नियमबाह्य, फार फार आभार. व्हिसाचं मी "मार्चमध्ये बघू" असं धरून चालले होते. आज रात्रीच पुण्याला फोन.

आणि जेवणाचं कुणी सांगेल का? हाफ बोर्डमध्ये आईंना रोज पिझ्झा खावा लागेल का?

सुमीची_आई | १३ जानेवारी

पिझ्झा मिळाला तर नशीब! हाफ बोर्डच्या जेवणात बहुधा सॅलडचा टेबल, मग 'प्रीमो' म्हणजे पास्ता किंवा रिझोतो किंवा सूप, मग 'सेकोंदो' म्हणजे मासा किंवा मांस, मग गोड. बऱ्याच हॉटेलांत दुसऱ्या दिवसाचं काय हवं ते आधीच कागदावर खूण करून द्यायचं. प्रीमोपर्यंत शाकाहारी माणूस खुशीत असतो. सेकोंदोला शेफची कल्पनाशक्ती आटते. आम्हाला सात रात्रींत चार वेळा चीजचं ताट आलं.

दोन गोष्टी आधी कळवा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं, ग्राना पादानोतही. आई ते पाळत असतील तर "सेन्झा फॉर्माज्जो", चीजविना, हे दोन शब्द पाठ करून ठेवा. आणि रिझोतो किंवा सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, तेव्हा 'ब्रोदो' कशाचा ते विचारायचं.

जेवणावरचं पाणी बहुधा हाफ बोर्डमध्ये धरलेलं नसतं. बाटलीचे पैसे रोज खोलीच्या नावावर चढतात आणि शेवटच्या सकाळी सगळे एकदम समोर येतात. शिवाय पर्यटक कर वेगळा, तो हॉटेलात तिथेच भरायचा. गावागावाचा दर वेगळा, लहान मुलांना वयाप्रमाणे सूट असते.

ओसरी | १३ जानेवारी

थेपले न्या.

इसारकाठ | १३ जानेवारी

आले थेपले! गार्डाला येऊन थेपले खाणाऱ्यांचं मला कळत नाही. एक दिवस दुपारी बाहेर बिगोली खा, जाड शेवया असतात. ऑलिव्ह तेल तिथलंच. दक्षिणेला वलेज्योचे तोर्तेल्लिनी...

सुमीची_आई | १३ जानेवारी

...ज्यात मांसाचं सारण असतं. सांगा ना पुढे.

इसारकाठ | १३ जानेवारी

भोपळ्याचेही मिळतात! (थेपले न्या.)

दोन_पावलं | १४ जानेवारी

धागा परत काठावर आणते. लिमोने की मालचेझिने याचा इतका घोर लावून घेऊ नका. दोन्हींमध्ये बोट आहे, वीसेक मिनिटांत पलीकडे. सकाळी एका काठावर, दुपारी दुसऱ्या असं आरामात जमतं. फक्त परतीची शेवटची बोट तुम्हाला वाटते त्यापेक्षा लवकर असते. उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या फलकाचा फोटो काढा. ती चुकली तर पाण्यावरून वीस मिनिटांचा प्रवास वरच्या टोकाला वळसा घालून रस्त्याने करावा लागतो.

मालचेझिनेहून मोंते बाल्दोची केबल कार आहे. मध्ये एकदा बदलायची, वरच्या टप्प्यातली केबिन जाता-जाता स्वतःभोवती फिरते, वर साधारण १,७६० मीटर. बाबांना पायऱ्या न चढता डोंगरमाथा मिळेल. जुलैत रांग लांब, सकाळची पहिली वेळ धरा. स्वेटर न्याच. खाली अंगाची लाही होत असताना वर आमच्या आईने साडीवर माझं जॅकेट आणि त्यावर टॉवेल गुंडाळला होता.

लिमोनेला पाण्यावर लटकवलेला चालायचा-सायकलचा मार्ग आहे, २०१८ मध्ये उघडला. फारसा चढ-उतार नाही. पण उघड्या उन्हात जाऊ नका.

झोपाळू | १४ जानेवारी

मुलांसाठी एक. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा. पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या, नाहीतर सगळी मुलं तव्यावर नाचल्यासारखी चालतात. आणि उत्तरेकडे तळाचा उतार एकदम आहे. गुडघाभर पाण्यातून चार पावलांत गळ्यापर्यंत. तळं सर्वात खोल जागी ३४६ मीटर आहे, उगाच नव्हे. हवेचा तराफा-बिराफा ओरा सुटल्यावर पाण्यात नको, वारा पोरासकट घेऊन जातो.

खिडकीतला_कावळा | १४ जानेवारी

व्हेरोनाच्या रोमन अरेनात उन्हाळ्यात ऑपेरा असतो, १९१३ पासून. रेप लोक सहल म्हणून विकतात. सुरू होतो रात्री नऊनंतर, संपतो मध्यरात्र उलटल्यावर, मग बस तुम्हाला उत्तर टोकाला आणून सोडते तेव्हा घंटा वाजायला फार वेळ उरलेला नसतो. स्वस्त जागा दगडी पायऱ्यांवर. दिवसभर तापलेला दगड रात्री दहालाही शेकतो. उशी भाड्याने मिळते, ती घ्या. मी नव्हती घेतली. दुसरा अंक उभ्याने पाहिला.

मुक्कामपोस्ट | १९ जानेवारी

ठरलं! मालचेझिने. हॉटेल सपाटीवर, लिफ्ट थेट तळमजल्यापासून (ईमेलवर विचारलं, पायऱ्या शून्य असं लेखी आलंय). आणि लेक व्ह्यूचा तोडगा माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने काढला: "तीनपैकी एकच खोली तळ्याची घ्या, सगळे तिथेच येऊन बसू." तळ्याची खोली आजी-आजोबांची. नवऱ्याने पाकिटावर सहाच्या जागी दोन केलं. आल्यावर सांगते.

चहाबाज | १९ जानेवारी

किटलीचं विचारलंत का?

मुक्कामपोस्ट | ११ ऑगस्ट

मंडळी, आलो परत. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं, तर घ्या.

बसला उशीर. व्हेरोनाहून निघालेली बस वाटेत पाच हॉटेलांना थांबली, आमचं सहावं. काठाचा रस्ता अरुंद, समोरून दुसरी बस आली की दोन्ही ड्रायव्हर आरसे दुमडून, श्वास रोखून सरकणार. बाबांना तोच भाग सगळ्यात आवडला. "याला आपल्या घाटात एसटीवर लगेच घेतील," हे ते आठवडाभर सांगत होते.

लेक व्ह्यू खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. बाल्कनीत जाऊन मी आधी कठड्याला पोट टेकवून मान बाहेर काढली, @पाटावरवंटा यांच्या स्मरणार्थ. गरज नव्हती, अख्खं तळं समोर होतं. मध्ये रस्ताही नाही, फक्त पायवाट. कापडी मांडव मात्र होता, बरोब्बर खाली. पहिल्याच सकाळी आईंनी पंचा कठड्यावर वाळत घातला. पेलेरने तो उचलला आणि मांडवावर नेऊन टाकला. वेटरने झाडूच्या दांड्याने काढून, घडी घालून नाश्त्याच्या टेबलावर आणून दिला. सोबत इंग्रजीत छापलेलं कार्ड: बाल्कनीवर कपडे वाळत घालू नयेत. आई म्हणाल्या, "मग बाल्कनी दिलीय कशाला?"

त्यानंतर सहाही माणसांचे कपडे आमच्या मागच्या खोलीत दोरीवर. तिकडे बघायला कुणी नाही, ऑलिव्हची झाडं आणि वर मोंते बाल्दो. आणि काय शांत! समोरच्या खोलीत रात्री अकरापर्यंत खालच्या ताटल्या-काट्यांचा आवाज, आम्ही मागे ढाराढूर. तिसऱ्या रात्री आईंनी मुलीशी खोली बदलली. म्हणाल्या, तळं दिवसा बघेन, झोप रात्रीच लागते. मग उरलेला आठवडा बाबा आणि नात तळ्याच्या खोलीत. दोघं सकाळी सहाला बाल्कनीत बसून पेलेरवर निघालेली शिडं मोजायची. एके सकाळी एकतीस झाली.

गुरुवारी रात्री वादळ आलं. उकाडा होता, तळं शिशासारखं गप्प, आणि दहा मिनिटांत गारा. समोर लिमोनेचे दिवे एकेक करून दिसेनासे झाले. सहाही जण त्या एका खोलीत पलंगावर बसून बघत होतो, बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची स्वतःहून दाराशी येऊन थडकली. धाकटा विचारत होता, तळं वर येईल का?

आता उत्तरं. एसी: दार उघडलं की बंद, अगदी बरोबर. जेवण: चीजचं ताट तीन वेळा, चौथ्या दिवशी शेफ बाहेर येऊन आईंशी हातवाऱ्यांनी बोलला, त्यानंतर वांग्याचं काहीतरी रोज, आणि उत्तम. पाण्याच्या बाटल्यांचं बिल पाहून नवरा पुन्हा पाकीट शोधत होता. केबल कार: पहिली वेळ धरली, बाबा वर एका बाकावर तासभर बसले, हलायला तयार नाहीत. थेपले: दुसऱ्या दिवशी संपले.

लेक व्ह्यूचे पैसे वसूल? एका खोलीचे, हो. तिन्ही घेतल्या असत्या तर कपडे कुठे वाळत घातले असते?

पाटावरवंटा | ११ ऑगस्ट

माझ्या नावाने मान बाहेर काढलीत, भरून पावलो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यांना पूर्ण मिळालं आणि आपल्याला पंचाएवढं, आणि यांचा पंचासुद्धा परत मिळाला.

इसारकाठ | ११ ऑगस्ट

मालचेझिने बरोबर लिहिलंत. वांग्याचं ते बहुतेक पार्मिज्याना असेल. त्यात पार्मेझान असतं. आईंना सांगू नका.

मुक्कामपोस्ट | ११ ऑगस्ट

@इसारकाठ, मीच शेफला "सेन्झा फॉर्माज्जो" म्हणून आले होते. त्याने छातीवर हात ठेवून होकार दिला. पुढचं त्याच्या डोक्यावर.

चहाबाज | १२ ऑगस्ट

वृत्तांत छान. पण किटली??

मुक्कामपोस्ट | १२ ऑगस्ट

हॉटेलने ईमेलवर नाही म्हटलं होतं म्हणून नेली नव्हती. बाबांनी नेली होती. आम्हाला न सांगता, स्वेटरमध्ये गुंडाळून. ॲडॉप्टरसकट.